याकूबभाई, तुमचा हेवा वाटतो

बसा, बसा सगळे. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या, गालिच्यावर पुष्कळ जागा आहे. देसाईसाहेब, तो एसी जरा कमी करता का? माझा आवाज आधीच बसलाय, त्यात तो घरघरतोय. आणि मुलं वर आहेत ना? वरच असू देत.

मंडळी, बोलायला उभी राहिले खरी, पण कसं बोलावं ते सुचत नाही. शाळेत मी दिवसभर बोलते. हिंदी शिकवते, पोरं इंग्रजीत उत्तरं देतात, तरी बोलते. आज मात्र जमत नाहीये. कारण मी काही बोलले, काही लिहिलं, की त्यातलं फाजील काय ते तोंडावर सांगणारा माणूस आज समोर नाही. ते असते तर आत्ताच म्हणाले असते, "बाई, पहिली चार वाक्यं काढा. तुमचं भाषण पाचव्यापासून सुरू होतं."

तर पाचव्यापासून सुरू करते.

याकूबभाई गेले. मुरुडचे याकूबभाई. जंजिऱ्याच्या मुलखातले सिद्दी, पेशाने सेफ्टी इंजिनीअर, आयुष्यभर पक्षी बघत हिंडलेले, आणि सौदीतल्या आपल्या या दम्मामात राहून, मराठीत, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिणारे. गेल्या आठवड्यात इथल्या हॉस्पिटलात त्यांचं हृदय थांबलं.

मला त्यांचा हेवा वाटायचा. विचार करून बोलतेय. शोकसभेत 'आदर' म्हणायची पद्धत आहे. आदर होता, नाही असं नाही. पण आदर काय, तो मला आमच्या प्रिन्सिपलबाईंबद्दलही आहे. याकूबभाईंचा मला हेवा वाटायचा. ते गेले, हेवा गेलेला नाही. तो घेऊनच मी इथे उभी आहे.

आणि आणखी एक काम आहे माझ्याकडे. ते आधीच सांगते, म्हणजे कोणी मध्येच उठून जाणार नाही. या आठवड्यात याकूबभाईंच्या जाण्याबद्दल पुष्कळ जणांचं सांत्वन झालं. एकाच माणसाचं राहिलं. तो तिकडे बसलाय, दाराशी, आपल्या सगळ्यांच्या चपलांच्या शेजारी. श्रीधर. तुम्ही त्याला याकूबभाईंचा रूम-पार्टनर म्हणून ओळखता. उद्या सकाळी त्याचं विमान आहे. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा शिक्का बसलाय, म्हणजे आता परत येणं नाही. काल तो मला म्हणाला, "वहिनी, उद्या बोला. मी तिथे बसलेलो असताना बोला. मग मी जातो." म्हणून बोलते. इथे बोललेलं या दाराबाहेर न्यायचं नाही. का, असं ज्याला विचारावंसं वाटतं त्याने एवढी वर्षं या देशात काय केलं देव जाणे.

आता सुरुवातीपासून सांगते.

याकूबभाई मला पहिल्यांदा दिसले ते आपल्या मराठी मंडळाच्या लेखनस्पर्धेच्या दिवशी. शहराबाहेरचा तो इस्तिराहा, सहलीचा मळा, आठवतो ना, खजुराच्या झाडांचा, आपण भाड्याने घ्यायचो तो? मंडळाचा कार्यक्रम म्हणजे फॅमिलीवाल्यांचा. बॅचलर मंडळी पडद्यापलीकडे, ड्रायव्हरांच्या बाजूला. आपण हा नियम केलेला नाही, हे मान्य. हॉटेलात तसंच, बागेत तसंच. फॅमिलीचं दार वेगळं, बॅचलरचं वेगळं. पण आपल्याही अंगवळणी पडला की नाही? आपल्याच कार्यक्रमात आपण तो पडदा लावला की नाही?

तर पहिल्या बक्षिसाचं नाव पुकारलं. पडद्यापलीकडून एक उंच, काळाकुळकुळीत, कुरळ्या केसांचा माणूस उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, असा कडक की दुमडला तर मोडेल. तो पुढे यायला लागला तसा आपल्या एका स्वयंसेवकाने त्याला अडवलं आणि हिंदीत सांगितलं, "भाईसाब, ड्रायव्हर लोगों का खाना बाद में है." तो स्वयंसेवक म्हणजे माझा नवरा, अविनाश. हा काय, बसलाय. हसा, हसा, तोही हसतोय.

याकूबभाई म्हणाले, "जेवायचं मागाहून बघू, आधी माझी इस्त्री द्या." पहिलं बक्षीस इस्त्री होती. अविनाशचा चेहरा असा झाला की मला तो अजून दिसतो.

आणि दुसरं बक्षीस कोणाला? मला. थर्मास.

घरी येऊन मी त्यांचा लेख वाचला. खरं सांगते, चुका काढायला वाचला. मुरुडच्या खाजणातल्या चिखल्या पक्ष्यावर होता. तो इवलासा पक्षी चिखलात तुरुतुरु धावतो, थांबतो, पुन्हा धावतो, तेवढंच. त्यात एक वाक्य होतं, "चिखल्या धावतो तेव्हा बघत नाही, आणि बघतो तेव्हा धावत नाही; आम्हां माणसांना दोन्ही एकदम करायची घाई, म्हणून आमचं दोन्ही राहतं." मी वाचत गेले आणि जळत गेले. माझ्या कथेत सासू होती, सून होती, अश्रू होते, विमानतळ होता. त्यांच्याकडे एक पक्षी आणि चिखल. तरी इस्त्री त्यांना. आणि रास्त होतं हो ते, तेच तर दुखणं!

तो पुढे त्यांच्या पहिल्या पुस्तकातला पहिला लेख झाला. पुस्तकाचं नावही 'चिखल्या'च. दुसरं पुस्तक आलं तेव्हा पुण्याहून, नागपुराहून लोक त्यांना पत्रं लिहायचे. मला अजून माझ्या धाकट्या बहिणीचंच पत्र येतं.

तुम्हाला वाटेल, पक्ष्यांकडे वळले म्हणजे लहानपणी कोणी मामा वगैरे जंगलात घेऊन गेला असेल. तसं काही नाही. एकदा त्यांनीच सांगितलं. शाळेत पोरं त्यांना चिडवायची. रंगावरून, केसांवरून, ओठांवरून. मधल्या सुट्टीत ते शाळेमागच्या खाजणाकडे पळायचे. मी म्हटलं, "आणि तिथे पक्ष्यांशी मैत्री झाली." मला कथा दिसायला लागली होती ना! ते म्हणाले, "छे हो बाई, मैत्री कसली. मला बघून पक्षीही उडून जायचे. पण ते सगळ्यांनाच बघून उडतात. एकट्या मला बघून नाही. मला तेवढं पुरे होतं."

पुढे मुंबईत शिकले, नोकरी लागली, मग इकडे आले. इकडचे लोक त्यांना सुदानी समजायचे आणि अरबीत बोलायचे. आपले लोक त्यांना सुदानीच समजायचे आणि सावकाश, मोठ्याने हिंदीत बोलायचे. आणि नाव-गाव कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "हो, पण तुम्ही मूळचे कुठले?" देसाईसाहेब, तुमच्याच घरी, याच दिवाणखान्यात एका पाहुण्याने विचारलं होतं. याकूबभाई म्हणाले, "मुरुडचा." "ते झालं हो, पण मूळचे?" याकूबभाईंनी शांतपणे विचारलं, "आपण?" पाहुणे म्हणाले, "आम्ही कोकणस्थ." "म्हणजे कोकणात कुठून तरी येऊन राहिलेले," याकूबभाई म्हणाले, "तसाच मी. घ्या, भजी गार होताहेत."

मला अशी उत्तरं दुसऱ्या दिवशी सुचतात. भांडी घासताना.

ते काही गरीब गाय नव्हते, हेही सांगायला हवं. गेलेला माणूस एकदम संत होतो आपल्याकडे. याकूबभाई पक्के अहंमन्य होते. पुस्तक उसनं द्यायचे नाहीत. दुसऱ्याचं लिखाण वाचताना हातात पेन्सिल धरायचे. माझ्या एका कथेच्या समासात त्यांनी एवढंच लिहिलं होतं, "ही बाई कशाला रडते?" मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी कथा उघडली, आणि खरंच, ती कशाला रडत होती ते मलाही सापडेना.

आता श्रीधर.

हा साताऱ्याकडचा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. दोघांची ओळख तिकडे लाल समुद्राकाठी, राबिघला झाली. याकूबभाई तिथल्या रिफायनरीच्या कामावर होते, हा तिथल्या दवाखान्यात. एकाच इमारतीत राहायचे, एकाच मेसमध्ये जेवायचे. एके दिवशी स्वयंपाक करायची पाळी श्रीधरची होती आणि यानं माशाच्या कालवणात दाण्याचं कूट घातलं. हो! माशाच्या कालवणात! मुरुडच्या माणसासमोर! याकूबभाई ताट सारून उठले. तिथून जे भांडण सुरू झालं ते वीसेक वर्षं चाललं. दम्मामला आले तेही एकामागोमाग एक. मग एकच घर, एकच गाडी.

गाडी श्रीधरची. याकूबभाईंना गाडी चालवता येत नव्हती. भीती वाटायची. आता बघा, गाडी मलाही चालवता येत नाही, म्हणजे पुण्यात स्कूटर चालवायचे मी, पण इथे बाईमाणसाने चाकाला हात लावायचा नाही. मी शाळेच्या बसने शाळेत, शाळेच्या बसने घरी, आणि शुक्रवारी अविनाश नेईल तेव्हा बाजारात. एवढंच माझं सौदी. आणि हे गृहस्थ, न चालवता, पहाटे पहाटे कतीफच्या बाजूला तिवरांपाशी उभे! आज रोहित बघितले, आज पाणकावळ्यांचा थवा बघितला, हुफूफच्या वाटेवर नीलपंख बघितला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कंपाउंडमधलं एकच झाड बघायचे. त्यावर बुलबुल यायचा. मी त्यांना फोनवर सांगायचे, बुलबुल आला होता. ते म्हणायचे, "वा, कोणत्या गालाचा? पांढऱ्या की लाल?" मी गाल बघितलेलाच नसायचा.

हेवा वाटेल की नाही? तुम्हीच सांगा.

त्यांच्या लेखांत एक गंमत होती. कोणाच्या लक्षात आली का, माहीत नाही. त्यांच्या लेखांत गाडी आपोआप चालते. "गाडी तिवरांपाशी थांबली." थांबवली कोणी? "चहा समोर आला." आणला कोणी? नागपूरच्या एका वाचकाने खरंच विचारलं होतं, तुमच्या वाळवंटात चहा उगवतो काय? मी याकूबभाईंना म्हटलं, "अहो, श्रीधर असतो ना तिथे. मग त्याला लेखात का नाही घेत?" त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, पक्ष्याचं घरटं कुठे आहे ते छापायचं नसतं. लोक दगड घेऊन येतात."

तेव्हा मला अर्धं कळलं. उरलेलं अर्धं पुढे कळलं.

एका शुक्रवारी मी हट्टच धरला. म्हटलं, मला रोहित बघायचेत, याकूबभाई म्हणतात ते खरे आहेत की लेखापुरते ते मला बघू दे. अविनाश कुरकुरला, पण आला. श्रीधरची गाडी, पुढे श्रीधर आणि अविनाश, मागे मी आणि याकूबभाई, मध्ये दुर्बीण आणि पराठे. किनाऱ्याला पोचलो. ओहोटी होती. आणि मंडळी, चिखलात लांबवर गुलाबी पट्टा. मी अंगावरचा काळा अबाया सावरत उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. का, ते समासात लिहून विचारायची सोय नव्हती, लेखक माझ्याच शेजारी उभे होते आणि तेही डोळे पुसत होते. श्रीधर गाडीत पेपर वाचत होता. त्याला रोहित आणि बदक यांतला फरक कळत नाही. कळतो का रे श्रीधर? बघा, नाही म्हणतोय.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. या किनाऱ्यावर दुर्बीण म्हणजे काय, सांगायला नको. चहूकडे तेलाच्या टाक्या. पोलीस उतरला, दुर्बीण हातात घेतली, याकूबभाईंकडे बघितलं, अरबीत काही विचारलं. याकूबभाईंनी इकामा, इथला राहण्याचा परवाना, काढला. आधी उलटा धरला, मग सुलटा. त्यांना असं गडबडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आदल्या वर्षी दोघांना असंच पकडून दिवसभर चौकीत बसवलं होतं, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. मग पोलिसाला मी दिसले. त्याने मान खाली घातली, विचारलं, "फॅमिली?" अविनाश पटकन म्हणाला, "फॅमिली, फॅमिली." पोलिसाने दुर्बीण परत दिली. "यल्ला," म्हणाला, म्हणजे निघा, आणि गेला.

परतताना गाडीत मी पराठे वाटले. मग याकूबभाई म्हणाले, "बाई, आज पहिल्यांदा आम्हाला कोणी फॅमिली म्हटलं." आणि त्यांनी पुढच्या सीटकडे बघितलं. अविनाशकडे नाही. गाडी चालवणाऱ्याकडे.

त्यानंतर ते मला दर महिन्याला बोलवायला लागले. "बाई, येता का फॅमिली करायला?" मला राग यायचा. म्हणजे माझ्या लेखनासाठी नाही, माझ्या गप्पांसाठी नाही, मी काळा अबाया घालून गाडीत बसते म्हणून! मी म्हणजे तुमचा परवाना! असं म्हणायचे आणि पराठे लाटायला घ्यायचे. कारण मला जायचंच असायचं.

अशाच एका संध्याकाळी त्यांच्या घरी जेवायला होतो. श्रीधर ओट्यापाशी कोथिंबीर चिरत होता. मी विचारलं, जसं आपण बायका विचारतो, "याकूबभाई, तुम्ही लग्न का नाही केलंत?"

ते म्हणाले, "झालंय की."

मी म्हटलं, "कधी? कोणाशी?"

त्यांनी ओट्याकडे बघितलं. श्रीधरची सुरी थांबली होती. मग त्याने मागे न वळताच विचारलं, "लिंबू पिळू का तुमच्या वाटीत, की आज पोट बरं नाही?" याकूबभाई म्हणाले, "अर्धंच पीळ." आणि सुरी पुन्हा चालू झाली.

मंडळी, तुम्हाला वाटेल मला धक्का बसला असेल. नाही बसला. मी तुम्हाला सांगते मला काय झालं. मला हेवा वाटला. इतका की समोरचं जेवण गोड लागेना. इथे माणसाचं नुसतं असणं गुन्हा, कळलं तर नोकरी जाईल, जीवही जाईल, आणि हा माणूस मला सांगतोय, झालंय की. आणि तो दुसरा पाठ करून विचारतोय, लिंबू पिळू का. माझं लग्न सनई-चौघडे लावून झालं. अविनाश, रागावू नकोस. माझ्या वाटीत लिंबू चालेल का, हे तू मला कधी विचारलंस?

लिहिलेला प्रत्येक लेख याकूबभाई आधी श्रीधरला वाचून दाखवायचे. मग मला. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, त्याला काय कळतं त्यातलं? मी लेखिका आहे, मला आधी दाखवा." ते म्हणाले, "त्याला काही कळत नाही, म्हणूनच तर. ऐकता ऐकता कंटाळला की तो पेपर उघडतो. जिथे पेपर उघडतो तिथे मी कात्री लावतो. तुम्ही बाई शेवटपर्यंत वा वा म्हणता, तुमचा काय उपयोग?"

मी घरी येऊन माझी नवी कथा अविनाशला वाचून दाखवायला बसले. त्याने पहिल्या परिच्छेदाला टीव्ही लावला. मग मी कापणार तरी काय, सगळीच?

या उन्हाळ्यात दोघांनी राजीनामे दिले. बस झालं म्हणाले. मुरुडच्या अलीकडे, खाजणाच्या कडेला दोन खोल्या बघून ठेवल्या. याकूबभाई म्हणायचे, "आता तिकडे जाऊन श्रीधरला लेखात घ्यायचं. आता घरटं दाखवायला हरकत नाही." मी म्हटलं, "म्हणजे तुमचं सगळ्यात चांगलं पुस्तक अजून यायचंय." म्हणाले, "हो बाई, तुमची जळायची सोय झाली."

कागदपत्रं झाली, सामान बांधलं, आणि याकूबभाईंच्या छातीत दुखायला लागलं.

हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात आत कोणाला सोडायचं? फॅमिलीला. रूम-पार्टनरला नाही. अर्ज करून उपयोग नाही, रडून उपयोग नाही. मग श्रीधरने काय केलं? हॉस्पिटल त्याचंच, नोकरीचे शेवटचे दिवस चालू होते. त्याने त्या विभागाची ड्यूटी मागून घेतली. सकाळी पांढरा कोट घालून, ट्रे घेऊन, रक्त काढायला जायचा. तेवढाच वेळ आत. तेवढाच वेळ त्यांचा हात हातात धरायची परवानगी. शीर सापडत नाही, शीर सापडत नाही असं नर्सला सांगत तो हात धरून बसायचा. सगळ्या इमारतीत ज्याला डोळे मिटून शीर सापडते, तो! याकूबभाई त्याला म्हणायचे, "साताऱ्याच्या माणसा, शीर सोड, मनगट धर. दुखत नाही तिथे."

हे मला श्रीधरने काल सांगितलं. हे सांगताना तो रडला नाही. मी रडले, नेहमीसारखी, आणि मला वाटलं, माझं मनगट धरायला कोणी अशी ड्यूटी मागून घेईल का? वाटलं हो मला, अशा वेळीही वाटलं. काय करू?

ते गेले तेव्हा श्रीधर लॅबमध्ये होता. त्याला कळवायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण तो कोणीच नव्हता. दुपारचे नमुने आले, त्यांत ते नाव नव्हतं. त्यावरून त्याला कळलं.

मग पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. राबिघहून एक लांबचे चुलतभाऊ आले. त्यांनी सह्या केल्या, सगळं नीट केलं, त्यांचे उपकारच आहेत. नमाज झाली, दफन झालं. आत मुसलमान मंडळी गेली. आपल्यातले रत्नागिरी-रायगडकडचे बरेच जण होते, तुम्ही खांदा दिलात, माती दिलीत. मग रांग लागली आणि प्रत्येकाने चुलतभावाचा हात हातात घेऊन सांत्वन केलं. चुलतभावाने याकूबभाईंना पंधरा-सोळा वर्षांत बघितलेलं नव्हतं. बिचारे अवघडून उभे होते म्हणे.

श्रीधर कबरस्तानाच्या भिंतीबाहेर गाडीत होता. त्याला आत जाता आलं नाही. अविनाश त्याच्या शेजारी बसला होता. संध्याकाळी अविनाश घरी आला आणि मला म्हणाला, "सुनीता, तो सारखा स्टिअरिंग पुसत होता. फडक्याने. स्वच्छच होतं ते. मी नुसता बसलो." अविनाश, तू बसलास. मी तुला मघाशी एवढं बोलले, पण तू बसलास तिथे, हे मी विसरणार नाही.

त्यानंतरच्या दिवसांत काय काय झालं बघा. कंपनीच्या मॅनेजरला लोक भेटले. देसाईसाहेब, मंडळाचे अध्यक्ष म्हणून तुम्हाला भारतातून फोन आले. आणि माझ्याकडे? माझ्याकडे तर बायकांची रीघ. "तुमचे साहित्यातले मित्र गेले हो." मी चहा केला, सांत्वन करून घेतलं. हक्काचं असल्यासारखं घेतलं. आणि खरं सांगू? त्यातही मला बरं वाटत होतं, की बघा, याकूबभाईंची सगळ्यात जवळची म्हणून लोक माझ्याकडे येताहेत. श्रीधरकडे नाही, माझ्याकडे!

एवढा हेवा. मेल्यावरही माणूस वाटून घ्यायला बघणारा.

पण काल श्रीधर माझ्या घरी आला तो चौकशी करायला. "वहिनी, तुम्ही जेवलात का नीट?" मला विचारतोय! माझं सांत्वन करतोय! ज्याचं घर बसलं तो माझ्या दाराशी उभा राहून विचारतोय, जेवलात का. मी म्हटलं, "अरे, तुझ्याकडे कोण आलं होतं?" तो म्हणाला, "त्यांच्या ऑफिसचे आले होते दोघं, मी कायमचा निघालोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. विचारत होते, आता भाडं परवडेल का, नवा रूम-पार्टनर बघायचा का."

मंडळी, हे असं राहता कामा नये. हा माणूस उद्या विमानात बसेल. त्या दोन खोल्यांचं कुलूप एकटा उघडेल. तिकडे त्याला कोणी ओळखत नाही. सातारकर माणूस, खाजणाच्या कडेला, रोहित आणि बदक न ओळखणारा. तिथे कोण त्याला विचारणार, तुझं कोण गेलं? जे काही विचारायचं ते आपणच विचारू शकतो, आणि आपल्याकडे आजची संध्याकाळ आहे.

मला माहीत आहे, इथे बसलेल्या काही जणांना हे पटणार नाही. नका पटवून घेऊ. धर्माचं तुम्ही बघा, पापपुण्याचं देव बघेल. मी तुम्हाला मत विचारत नाहीये. मी एवढंच विचारते, ज्याच्या घरातलं माणूस जातं त्याच्याकडे आपण जातो की नाही? भांडण असलं तरी जातो की नाही? मग?

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे दोन मिनिटं उभं राहून मौन पाळायचं आहे. देसाईसाहेब, मी तुमची परवानगी न घेताच ते रद्द करते. मौन या दोघांनी वीसेक वर्षं पाळलं. बाजारात पाळलं, कामावर पाळलं, आपल्या घरी जेवायला आले तेव्हा पाळलं, पुस्तकांत पाळलं, हॉस्पिटलात पाळलं, कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पाळलं. याकूबभाईंसाठी आणखी मौन नको. उभं राहायचंय, पण बोलायला. एकेकाने त्याच्यापाशी जा. त्याचा हात धरा. घरच्या माणसाला जे म्हणतो ते म्हणा. शब्द सुचले नाहीत तर नुसता हात धरा.

याकूबभाई, माझा शेवटचा सलाम घ्या. तुमच्या वाक्यांचा हेवा मला जन्मभर पुरेल. पण त्याहून मोठा हेवा कशाचा ते आज भर सभेत सांगते. आपण गेल्यावर या जगात कोणाचं घर रिकामं होणार आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मला ते माहीत नाही.

सरका जरा, वाट द्या मला. पहिली मी जाते.

श्रीधर, उठू नकोस, बस. मीच खाली बसते. दे हात. तुझा माणूस गेला रे. फार वाईट झालं. फार वाईट झालं, श्रीधर.